वॉर्सातली साक्ष

अमेरिकेत, बॉथेलच्या मेमरी क्लिनिकमध्ये माझ्या मागच्या खुर्च्यांवर एक मावशी आणि तिची भाची मराठीत बोलत होत्या.

"बाबांना आत नेऊन किती वेळ झाला गं, वल्लरी."

"टेस्टला वेळ लागतोच, मावशी."

"बोल काहीतरी. तुझ्या थीसिसचं सांग."

"डिप्रेसिंग आहे गं. एकोणीसशे पस्तीस. पोलंडच्या मंत्र्याचा खून झालाय, वॉर्सात युक्रेनियन नॅशनलिस्टांवर खटला चाललाय. एक मुलगी साक्षीला येते. जज पोलिशमध्ये विचारतात, ती युक्रेनियनमध्ये उत्तर देते."

"मग?"

"दंड केला आणि बाहेर काढली. साक्ष दिलीच नाही असं धरलं."

"पण ती बोलली ना?"

"बोलली. काय बोलली ते मी अजून शोधतेय."

"मेल्यांना एक दुभाषा बसवता आला नाही?"

दार उघडून नर्स इंग्रजीत म्हणाली, आजोबा एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाहीयेत.

"असं कसं? तू इंटरप्रिटर मागितला होतास ना?"

"हिंदीचा. मराठीसाठी महिनाभर थांबावं लागत होतं. मला वाटलं, चालेल."

"अगं, स्ट्रोकनंतर त्यांचं हिंदीही गेलंय."

उघड्या दारातून म्हाताऱ्याचा आवाज आला.

"अहो, मघापासून सांगतोय मी. सांगतोय ना."