एक शाल, दोन आळ्या

...आणि वर मलाच विचारतात, "रोझालबा, खरं सांग, शालीचा रंग कोणता?" अहो, मी काय सांगणार कपाळ! तुम्ही उभे कुठे होता, ते आधी सांगा!

तुम्हाला सांगते, चार पिढ्या आमच्याच घरानं गावच्या मादोन्नाची, म्हणजे मारियामातेची, शाल विणली, ऑगस्टच्या उत्सवाला मूर्तीच्या अंगावर आमचंच रेशीम... आणि चार पिढ्या एकच रड! वरची आळी म्हणते निळी हवी, खालची म्हणते हिरवी. निळी विणली की खालचे मिरवणुकीला पाठ फिरवणार, हिरवी विणली की वरचे मूर्तीला खांदा देणार नाहीत, एका वर्षी तर मादोन्ना चर्चच्या दारातच ताटकळली, बिचारी! आणि चर्चमध्ये बसतात कसे? वरचे डावीकडे, खालचे उजवीकडे, बाप्तिस्म्यापासून थेट शवपेटीपर्यंत, मेला तरी माणूस बाजू सोडत नाही! मी तेच हेरलं. म्हटलं, बसा बाबांनो जागच्या जागी, यंदा भांडणच मिटवते.

उभा ताणा घेतला निळा, आडवा बाणा हिरवा. धूपछांव! दोन्ही धागे एकाच कापडात, एका अंगानं बघाल तर निळा उजळतो, दुसऱ्या अंगानं बघाल तर हिरवा, आणि शाल मी बेतली मुद्दाम तिरकी, म्हणजे डावीकडच्यांना निळी, उजवीकडच्यांना हिरवी. यात लबाडी कसली हो? कबुतराची मान उन्हात रंग बदलते, तिला कुणी लबाड म्हणतं का? तीन महिने मागावर बसून कंबरेचा काटा ढिला झाला माझ्या!

शाल मूर्तीच्या अंगावर चढल्यावरचा पहिला रविवार. डावीकडून सिल्वेस्त्रो खाटीक, वरच्या आळीचा पुढारी, मिशीला पीळ देत, "शाब्बास पोरी, निळी!" उजवीकडून आनियेल्लो न्हावी, खालच्यांचा पुढारी, "जिंकलो रे, हिरवी!" दोघं खूश, आमचे पाद्री डॉन फेलिचे खूश, मीही मनातल्या मनात खूश... आणि बाहेर पायऱ्यांवर दोघं आले की समोरासमोर!

"निळी म्हणे! डोळे फुटले का तुझे?"

"माझे? तू लोकांच्या दाढ्या करता करता स्वतःच आंधळा झालास!"

"मांस तोलताना काटा मारतोस तो मार, रंगात नको मारूस!"

झालं, बाह्या वर! डॉन फेलिचेंनी मला ओढत आत नेलं, मागोमाग अख्खं गाव. "रोझालबा, बायबलवर हात ठेव आणि रंग सांग." म्हटलं, एक काय, दोन्ही हात ठेवते, पण फादर, हे उभे कुठे होते, ते आधी सांगा!

ऐकतंय कोण? शेवटी मी ओरडलेच, "एवढी मर्दुमकी आहे ना, मग जागा बदला! सिल्वेस्त्रोमामा, तुम्ही उजवीकडे! आनियेल्लोदादा, तुम्ही डावीकडे!" दोघंही बाकांच्या मधल्या वाटेकडे बघायला लागले. चार पिढ्यांत कुणी ती मधली वाट ओलांडली नव्हती हो! पण आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार, म्हणून गेले, पाय ओढत गेले. बघतात तर काय...

"अरे देवा, हिरवी!" सिल्वेस्त्रो किंचाळला.

"निळी?" आनियेल्लो मटकन बाकावर बसला.

मला वाटलं, आता यांच्या डोक्यात उजेड पडेल, आता हसतील, मिठी मारतील. मारली ना! एकमेकांना! "आनियेल्लो, या बाईनं दोघांनाही उल्लू बनवलं रे!" "खरंय भावा, आपण उगाच भांडत होतो!" आणि सगळ्या गावानं हात वर करून ठरवलं, पुढच्या वर्षीपासून शाल शहरातल्या दुकानातून आणायची. पांढरी!

माफी? मी? अहो, एका अक्षरानं नाही मागितली! त्या मधल्या वाटेवर कंबरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, "कापड खोटं नाही, तुमची नजर एकांगी आहे! उद्या जाब विचारायला याल ना, तर उभे कुठे होता, ते आधी सांगा!"

डॉन फेलिचेंचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "रोझालबा, चार पिढ्यांत पहिल्यांदा गाव एक झालं गं, मादोन्नाचा चमत्कार बघ!"

म्हटलं, बघतेय ना फादर... चमत्कार तिचा झाला आणि माग माझा बंद पडला.