बंद छताखालचा वारा

गौरांग : हळू बोल, ईश्वरी. जर्मनीतला रविवार आहे, आवाज चालत नाही. खालच्या फ्राऊ केलर पुन्हा तक्रार करतील.

ईश्वरी : करू देत. नवऱ्याने बायकोच्या पासवर्डवर काय उद्योग केले, ते त्यांनाही कळू दे.

गौरांग : पासवर्ड तूच दिला होतास.

ईश्वरी : माझ्या विषयावरचे पेपर वाचायचेत म्हणालास, म्हणून दिला. इन्स्टिट्यूटचा मोठा कॉम्प्युटर अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सट्ट्याला जुंपायला नव्हता दिला.

गौरांग : सट्टा नाही गं, अभ्यास आहे. तर, नीट ऐक. संघ कुठलाही जिंको, आपल्याला देणंघेणं नाही. पैज एकाच खेळाडूवर, आज तो होमरन मारेल की नाही, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. बाकीचे लोक त्याचा फॉर्म बघतात. मी हवा बघतो. गरम हवा विरळ असते, त्यात चेंडू लांब जातो...

ईश्वरी : हे मला शिकवतोस? मीच सांगितलंय तुला, याच टेबलावर, ताटातलं पिठलं गार होईस्तोवर.

गौरांग : म्हणजे तुझाही हातभार आहेच की.

ईश्वरी : तुझ्या जिभेला काही हाड आहे का? लग्न झाल्यापासून कधी विचारलं नाहीस, मी तिकडे दिवसभर काय करते. या उन्हाळ्यात विचारायला लागलास. भिंतीमागे वारा कसा वळतो, दमट हवा जड की हलकी. मी वेडी, आईला फोन करून सांगितलं, गौरांगला आता माझ्या कामात गोडी वाटायला लागलीय.

गौरांग : वाटत होतीच.

ईश्वरी : मग एवढी माझी विद्या वापरून हरलास कसा?

गौरांग : नशीब. अॅरिझोनात चाळीस अंश होतं. वारा फलंदाजाच्या पाठीकडून. समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दमलेला. सगळं जुळून आलं होतं.

ईश्वरी : आणि छत?

गौरांग : ...तुला कुणी सांगितलं?

ईश्वरी : तुझं गणित उघडून बघितलं मी. त्या मैदानाला सरकतं छत आहे, गौरांग. एवढ्या उन्हात ते बंद करतात आणि एसी लावतात. ज्या उकाड्यावर तू पैज लावलीस, त्याच उकाड्यामुळे छत बंद झालं. आत झुळूकसुद्धा नव्हती. उन्हात माणसं सावली शोधतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

गौरांग : अगदी बरोबर. तेच दुरुस्त करतोय. छत बंद धरून पुन्हा मांडलं की झालं. पण शुक्रवारपासून लॉगिनच होत नाहीये.

ईश्वरी : होणार नाही. इन्स्टिट्यूटने ते बंद केलंय. प्रोफेसरांनी मला समोर बसवून विचारलं, हा काय प्रकार आहे म्हणून. उद्या पुन्हा बोलावलंय.

गौरांग : मग उद्या सांग ना, तुझाच प्रयोग होता. जाता जाता केलेला. डॉक्टरेट करणारे करतात असलं काहीबाही. चिडतील थोडे, मग विसरतील.

ईश्वरी : वा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

गौरांग : अगं, मी बाहेरचा माणूस. माझं नाव आलं तर पोलीस केस होईल. तुझं नाव असेल तर घरातल्या घरात मिटेल. एवढंसं खोटं बोलायला काय जातं तुझं?

ईश्वरी : मी शुक्रवारीच खरं सांगितलं. तुझ्या नावासकट.

(गौरांग लॅपटॉप मिटतो.)

गौरांग : वाल्डॉर्फला कळवणार का ते? माझ्या ऑफिसात? माझा व्हिसा या नोकरीवर आहे. बोल ना, ईश्वरी. काय म्हणाले माझ्याबद्दल?

ईश्वरी : इन्स्टिट्यूटमधली माझी जागा राहिली की गेली, एवढं तरी विचारशील म्हणून सकाळपासून तुझं सगळं ऐकून घेतलं.