विमान करणचं, हात रुचिकाचे

सन्माननीय अध्यक्ष रामभाऊ, व्यासपीठावरच्या जनाबाई, विम्याचं काम करणारे आपले विनीतराव, आणि समोर बसलेल्या माझ्या लेकी-सुनांनो, बंधूंनो, सर्वांना सप्रेम जय भीम.

रामभाऊ, गुडघा कसा आहे? पायरी चढताना कठडा धरलात, पाहिलं मी. जनाबाई, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला आता नीट दिसतं ना? मग माझ्याकडे बघू नका, दुसरीकडे बघा. विनीतराव, शुगर? आणि भारती, तू रुचिकाची आई, तुला काय विचारू? दोन घास पोटात जातात ना, एवढंच सांग.

आज रुचिकाला निरोप द्यायचा आहे. आपल्या अंबरनाथच्या वस्तीतली विमान चालवणारी पहिली पोर नागपूरला निघाली. विमान चालवायला नव्हे, विमानाने जाणाऱ्या मालाच्या ऑफिसात खुर्चीवर बसायला. चौकशी संपेपर्यंत तिचा परवाना थांबवलाय. हार आणलेत, पण घालणाऱ्याच्या आणि घेणारीच्या, कुणाच्याच तोंडावर हसू नाही.

घडलं ते तुकड्यातुकड्यांनी सगळ्यांच्या कानावर आलंय. मी सरळ सांगतो. उल्हासनगर कॅम्प एकचा करण हा तिचा मित्र, विमान शिकताना जमलेली दोस्ती. त्याने दोन माणसांचं जुनं विमान घेतलं, घाटापलीकडच्या एका धावपट्टीवर ठेवलं. तिला म्हणाला, "ले जा यार, तुझं-माझं काय? पॉलिसीत तेरा नाम डलवा दूंगा." ही घेऊन उडाली. उतरताना ब्रेक लागेना. विमान पट्टी सोडून रखवालदाराच्या खोलीत घुसलं. आत तो रखवालदार, हरिचंद्र, होता. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी विनीतरावांना म्हटलं, "पोरीकडे परवाना होता, विमानाला विमा होता. मग हरिचंद्रला भरपाई द्यायला कंपनी नाही का म्हणते?"

"काका, त्या पॉलिसीत कोण चालवणार त्यांची नावं होती. तिचं नव्हतं."

"म्हणजे मालक अडकला?"

"मालकही आणि तीही. उडण्याआधी कागद बघणं चालवणाऱ्याचं काम."

शेजारणीची कढई आणली नि तिला पोचा आला, तर आपण नवी देतो. पण तिच्यातल्या तेलाने तिसराच भाजला तर? दोस्ताकडे कागद मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं आपण मानतो. त्या भिडेची किंमत कुणाच्या अंगावर आली? ज्याची या दोघांशी दोस्तीही नव्हती, त्याच्या.

आता दोघांचे वकील वेगळे. तिचा सांगतो, "मालकाने फसवलं म्हण." त्याचा सांगतो, "न विचारता नेलं म्हण." तसं म्हटलं तर आपली पोर चोर ठरते! आणि दोघांना एकमेकांशी बोलायची मनाई. एकाने वर यायचं तर दुसऱ्याला पाण्यात दाबायचं, असं होऊन बसलंय.

काल रुचिका मला म्हणाली, "आजोबा, करणने फसवलं नाही. नाव घालतो म्हणाला होता. घातलंस का, हे मी विचारलं नाही. जबाबात मी तेच सांगणार."

"अगं, परवाना जाईल."

"जाईल. पण हरिचंद्रकाकांनी भरपाई कुणाकडे मागायची, ते तरी ठरेल."



करण, मागच्या रांगेत पंख्याखाली बसलायस, दिसतोयस मला. मान खाली घालू नको, बाळा. वकिलाने तुला हिच्याशी बोलू नको म्हटलंय, माझं ऐकू नको असं नाही ना म्हटलं? तू विमान दिलंस, नाव घालायचं राहून गेलं. एवढंच खरं ते सांग. तिने तिचा वाटा उचलला. तुझा तिच्या डोक्यावर देऊ नकोस.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकलंत, सगळ्यांचा ऋणी आहे. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. जास्त बोललो असेन, कुणाला लागलं असेल, तर घरातला म्हातारा म्हणून पोटात घाला. रुचिका, पोचलीस की खुशालीचं पत्र टाक, आईला वाट बघायला लावू नको.

आणि करण, सोमवारी तुझा जबाब आहे. त्यात काय सांगणार आहेस, ते त्याआधी मला दोन ओळीत लिहून पाठव. हिंदीत लिही, चालेल. पण लवकर लिही.