पाण्यालाही वजन असतं

हॅलो?… हां, बोल छोटे… हळू गं, बाळाचा आत्ता कुठे डोळा लागतोय… कोण पुढे गेलं?… आई? कुणाच्या पुढे?

…कॉम्प्युटरच्या!

थांब. पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं बघ. आई गुंगीतून जागी होत होती, तेव्हा मला जिन्यापाशी गाठून म्हणाल्या, "तुमच्या आई नापास होतील ही भीती नाही, पहिल्या यायला जातील ही आहे. लक्ष ठेवा." आणि मी काय केलं? हसले! वर म्हटलं, "जन्मभर गणित शिकवलंय, सवयच आहे तिला."

हो, हो… अगं ऐक ना. तो नुसता अंदाज गं. वय, वजन, साखर, झोप, सगळं घातलं की मशीन सांगतं, तोंडातून नळी घालून पोट आतून शिवून लहान केलेल्या अशा बाईचं वजन साधारण इतकं उतरावं. साधारण! शर्यत आहे का ती?… काय म्हणते?… "यंत्राचं उत्तर चुकलंय, मी दुरुस्त करून दाखवते"?… हसू नकोस!… बरं, हस. मलाही येतंय.

आणि बाबा?… टाळ्या वाजवतात? त्यांचं काय जातंय! तिच्या वाटणीचंही तेच ओरपतात. त्यांचं पोट कोण शिवणार?

बरं, घेते काय ती?… पातळ सूप. ठीक… दूध, वाटीभर. ठीक. फेऱ्या मारते? गल्लीच्या टोकापर्यंत? छान. आणि पाणी?

…पाणी गं, पाणी. दिवसभर घोट घोट घ्यायला सांगितलंय ना?

…छोटे? खरं सांग.

…"पाण्यालाही वजन असतं"? असं म्हणाली ती? आणि तू ऐकून घेतलंस? उद्या तपासणीला काट्यावर उभं राहायचं म्हणून… कालपासून?… गोळी गिळण्यापुरतं. आई गं!

नाही रे राजा, उठू नकोस, झोप झोप… तुला नाही गं, ह्याला.

चक्कर येते का तिला?… सकाळी ओट्याला धरून उभी होती. मग?… तुला वाटलं विचार करतेय! अगं, ओट्याशी उभं राहून कसला विचार? बोलताना ओठ चिकटतात का? लघवीला जाते का नीट?… विचारलं नाहीस. बरोबर आहे, तिच्यापुढे आपण दोघी अजून सातवीतच.

दुपारी मी तिला दोनदा फोन केला, उचलला नाही. वाटलं, आडवी झाली असेल. बाबा कुठेत?… केस कापायला! आजच सापडला मुहूर्त.

मला बाळाला घेऊन पोचायला रात्र होईल. तू दोन गल्ल्यांवर आहेस. ऊठ. गॅस बंद कर, चावी घे… अगं, तुझं केस विंचरणं राहू दे! बोलत बोलत चाल… रागावली तर रागावू दे. रागावली तर बरंच, अंगात त्राण आहे म्हणायचं. गळून पडलेली दिसली तर पाणी पाजत बसू नकोस, सरळ दवाखान्यात न्यायचं.

…काय सांगू तिला? सांग, मशीननं पाणी धरूनच हिशेब केलाय. तहानेनं मिळवलेले गुण धरत नाहीत. कॉपी म्हणतात त्याला!… हो, असंच सांग. हीच भाषा कळते तिला.

पोचलीस?… वाजव बेल… पुन्हा वाजव… दार ठोठाव ना गं… छोटे?…

कोण ओरडतंय आतून?… आई?… "दार मोडायला आलीस का" म्हणते?…

हुश्श.

नाही, रडत नाहीये मी. बाळ रडतंय… बरं, दोघं रडतोय. उभी आहे ना ती?… भिंतीला धरून. खुर्चीवर बसव आधी. पेला दे हातात. आणि तिच्या "घेतलं मी" वर जाऊ नकोस, घोट गळ्याखाली उतरताना बघ. मी डॉक्टरीणबाईंना लावते, त्या म्हणतील तर आजच न्यायचं. ठेवते… ऐक, ऐक! बाबा आले तरी निघू नकोस. आणि झोपायच्या आधी एकदा डोकावून बघशील ना तिच्याकडे? मला फोन नाही केलास तरी चालेल. तिला तेवढं बघ.