शिवाकाकांनी कॉम्प्युटर गप्प केला

...आणि वर म्हणतात काय, तर नवीनच घ्या! अहो, ज्याला विचारावं त्याचं तेच! वस्तू जरा खोकली की लगेच तिला पोचवायची घाई! पण तुम्हाला सांगतो, मांडवीच्या आमच्या शिवाकाकांना हे कुणी सांगायला नको होतं. का, तर शिवाकाका तीस वर्षं मच्छीमारी लाँचवर इंजिन ड्रायव्हर. भर समुद्रात इंजिन अडलं तर तिथं नवीन कुठून आणणार? बांगड्यांना विचारणार?

तर झालं असं, की काकांची मुलगी मनिषा घरातूनच शिकवणी घेते, ऑनलाइन. पाचवीची अकरा मुलं, रोज दुपारी तीनला गणित. दोन वर्षं खपून एकेक मूल जमवलंय तिनं. आणि तिचा तो कॉम्प्युटर, म्हणजे टेबलाखालचा उभा डबा हो, गेला महिनाभर काय करायचा, तर चालू केला की पाच मिनिटं एकदम शहाणा... मग घुर्रर्र... आणि मग जी खडखडखड सुरू व्हायची ना, शेजारच्या गंगुबाईनं खिडकीतून मान घालून विचारलंन, "गो कमळा, भर दुपारचं काय वाटत्येस एवढं?" कमळा म्हणजे काकांची बायको. ती बिचारी हातात विणकाम घेऊन बसलेली!

तिकडे वर्गात वेगळीच तऱ्हा. "टीचर, तुमच्या घरावर हेलिकॉप्टर आलंय?" मनिषा बोलत्येय एक तृतीयांश, मुलांना ऐकू जातंय एक खर्रर्रांश! मुलं वहीत तसंच लिहितायत! शेवटी शुक्रवारी लांज्याहून एका आईचा फोन. "मॅडम, राग मानू नका हां, पण तुम्ही शिकवता की गिरण चालवता? सोमवारपर्यंत बघत्ये, नायतर पोराला दुसरीकडे घालत्ये. आणि ऐका माझं, नवीनच घ्या!" तिच्या मागोमाग आणखी चार फोन. अकरातली पाच मुलं गेली म्हणजे वर्गात राहिलं काय? मनिषा रडकुंडीला आलेली.

मुंबईला काकांचा पुतण्या, हितेश. त्याला फोन लावला. "सोडा ना काका! आजकाल रिपेअर-बिपेअर कोण करतं? टाका भंगारात, नवीनच घ्या!" झालं? मग मिरजोळ्याहून एक दुरुस्तीवाला आला. त्यानं ब्लोअर लावून आतली धूळ अशी उडवली की कमळाकाकीनं उन्हात ठेवलेलं कुळथाचं पीठ काळं झालं... आणि खडखड? जशीच्या तशी! वर म्हणतो, "काकी, मांडवीची खारी हवा. आतून सडलं असणार."

काकी म्हणाली, "असणार म्हणजे? बघितलात काय?"

"बघायचं काय त्यात? नवीनच घ्या!"

काका दारात उभे राहून ऐकत होते. हळूच म्हणाले, "मनी, मी बघू काय?" तर ती फटकन म्हणाली, "बाबा, हात नाय लावायचा! ती तुमची लाँच नाय!" काका पडवीत जाऊन बसले. अहो, ज्या माणसाला खलाशी किनाऱ्यावरून हाका मारायचे, इंजिन नुसतं ऐकून जा म्हणायचे, त्याला घरात एक डबा उघडायची परवानगी नाही! जेवताना माशाचा काटा काढायचा विसरले, इतकं लागलं त्यांना.

रविवारी मनिषानं स्वतःच उपाय काढलान. काय, तर डब्यावर गोधडी घातली! दुहेरी! आवाज दबला खरा... पण दहा मिनिटांत आतून असा तापला की आपोआप बंदच पडला. आता सोमवारचे बारा वाजलेले, तीनला वर्ग, लांज्याची आई कान टवकारून बसणार... तेव्हा ती पडवीत आली आणि खाली बघून म्हणाली, "बाबा... बघता?"

काका उठले. घाईत? छे! आधी हात धुतले. धुतलेला शर्ट घातला. चष्मा पुसला. मग लांब पात्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसले, डब्याची बाजू उघडली, म्हणाले, "चालू कर." आणि खडखड सुरू झाल्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्याला टेकवलं आणि मूठ लावली कानाला! डोळे मिटून!

कमळाकाकी म्हणते, "अवो, काय फोन आलाय काय त्याचा?"

"गप गो! सांगतोय तो."

एका जागी टेकवलं, "हा नाय." दुसऱ्या जागी, "हा पण नाय, हा मांजरासारखा घुरघुरतोय." मग मधल्या पंख्याच्या चौकटीला टेकवलं मात्र... काकांचा चेहराच उजळला! "मनी, ही पंख्याची खडखड नाय. पंखा बरा हाय. पाया ढिला हाय!"

तेवढ्यात खिडकीतून गंगुबाई, "कोणाचा गो पाया ढिला?"

काकांनी वीज बंद करायला लावली, बॅटरी मारून दाखवली. पंख्याला चार पाय. तीन खाली बसलेले, चौथा वर उचललेला. लाँचच्या इंजिनाचा एक बोल्ट सुटला की अख्खी लाँच थरथरते, तसंच हे! पंखा हलतो, खालच्या चिपवर नीट टेकत नाही म्हणून ती तापते, तापली की पंखा जोरात पळतो, पळाला की आणखी हलतो... महिनाभर! आणि जो तो म्हणतोय, नवीनच घ्या! काकांनी अंगठा ठेवला, बेतानं दाबलं.

टक्.

चालू केला. एक मिनिट... तीन... पाच... तिघंही श्वास धरून... सहा... दहा... काही नाही हो! घरात चक्क समुद्राची गाज ऐकू यायला लागली! मनिषानं बापाला मिठी मारलीन, काकीनं हळूच डोळे पुसलेन, आणि काका म्हणतात कसे, "चहा टाक. साखर जास्त."

तीनला वर्ग. पोरं म्हणतात, "टीचर, तुमचा आवाज असाय?" अकराच्या अकरा मुलं टिकली! लांज्याच्या आईचा फोन आला, "बघा, सांगितलं होतं ना? नवीन घेतलात ना?" मनिषा म्हणाली, "नाय हो. माझ्या बाबांनी दुरुस्त केला." आणि हे वाक्य स्पीकर लावून म्हणाली!

सगळं छान झालं. फक्त एकच... तीस वर्षं इंजिनाला टेकून झोपलेला माणूस. लाँच सोडल्यापासून दुपारची झोपच गेलेली, ती नेमकी त्या खडखडीत महिनाभर इतकी गाढ लागत होती, आणि कशानं ते काकांनाच ठाऊक नव्हतं! आता घर शांत. तीन वाजले की काका टक्क जागे. पडून पडून कंटाळले, तर मनिषाच्या मागे पाट टाकून वर्गात बसायला लागले. काल अपूर्णांकाची चाचणी काकांनीही दिली. दहापैकी चार. आणि पोटच्या पोरीनं सगळ्या मुलांसमोर वाचून दाखवलेन!