पाणी तयार आहे

—भरलेली काचेची पेटी तशीच उचलत नाई जी, बूड तडकते तिचं. टेम्पोवाल्याले म्हणा थोडं थांब, अन् तुमी बसा. आधी पाणी कॅनमध्ये काढावं लागते, अर्ध्याच्या वर काढावं लागते, मंग दोघं मिळून उचला. त्या पाहा, कॅना धुऊन ठेवल्या मी सकाळीच, बिनासाबणाच्या. साबणाचं बोटसुद्धा लागू देऊ नका कशाले. संघपाल — माझा पोरगा, त्याच्यासंगच ना तुमचं फोनवर बोलणं झालं — तो ड्यूटीवर गेला, पैशाचं काय ते त्याच्यासंगच बोला. मले जाताना एवढंच म्हणून गेला की माजरीहून एक भाऊ येतीन, त्यायले टँक देऊन दे आई, पण संध्याकाळच्या आत देऊन दे. संध्याकाळच्या बसनं सून येऊन राह्यली माझी, नूतन. आश्विन पौर्णिमा झाली तेव्हापासून माहेरी आहे ती, चामोर्शीले. फोनवर म्हणाली, येते मी आई, पण ते पाणी चालू असलं घरात तर मले आत पाय नाई टाकता येणार. मी म्हटलं, बरं माय. बरोबरच आहे तिचं. बुडबुड बुडबुड, दिवस नाई रात्र नाई — तुमाले येते का ऐकू तो आवाज? मले तर आता येतही नाई. सवय झाली.

मासे? मासे नाई जी त्यात. वाकून पाहू नका, दगडामागं पण नाई. नव्हतेच कधी. हो — लाइट चालू आहे, हीटर चालू आहे, पंप चालू आहे, अन् मासे नाई. संघपालनं सांगितलं नाई वाटते. काय सांगणार तो. नाई नाई, टँक फुटकी नाई, काही बिघाड नाई, बिनधास्त न्या. पण तुमची पहिलीच ना ही? पोट्टीसाठी नेऊन राह्यले म्हणता — किती वर्षांची? पाच. मंग ऐकून घ्या दोन गोष्टी, नाईतर आमच्या ह्यायच्यावानी होईन तुमचं. आमचे हे, रामाजी, जिंदगी गेली पॉवर स्टेशनात, मोठमोठे पंप चालवले, अन् मासोळीच्या दुकानात जाऊन त्या बिरजूभाऊले पहिलं काय विचारलं — किलोले काय भाव. तिथं दुकानातच नात आमची, प्रिया, तोंड झाकून हसली, म्हणे आबा, हे तळाचे नाई, पाहाचे आहेत. आता त्यायचंही काय चुकलं? आमच्या घरी मासोळी येते ती पिशवीतून, अन् जाते ती तव्यावर. मीच तेवढी वर्षावासाचे, पावसाळ्यातले तीन महिने तोंडाले लावत नाई. पौर्णिमेले अष्टशील असते माझं, पांढरं लुगडं नेसून विहारात जाते, दुपारनंतर अन्न घेत नाई. हे म्हणतेत, तुझ्या शीलापाई माझी मासोळी गेली. म्हणू द्या.

तर जागा आधी पाहा. खिडकीपाशी ठेवू नका, उन्हानं पाणी हिरवं होते. चुलीपाशी नको, फोडणीचा धूर बसते. मी तर म्हटलं होतं वंदनेच्या भिंतीपाशी ठेवू, तथागतांच्या फोटोखाली, चांगली दिसली असती — तर प्रिया म्हणे, नाई आजी, पलंगापाशी. मले झोपल्या झोपल्या दिसली पाहिजे. म्हणून ती अशी आडवी लावली पाहा, उशीच्या बरोबरीनं. रेती ह्यायनं इरई नदीतून आणली पोतंभर. ती धुवाची. तांदूळ धुतो तशी धुवाची, हातानं घोळून घोळून, निवळ पाणी येईपर्यंत. प्रिया मोढ्यावर बसून पाहे, पायात मोजे घालून, मी तिले त्या थंड पाण्यात हात घालू दिला नाई. नळाचं पाणी तसंच ओतू नका, औषधाचा वास येते त्याले. ड्रममध्ये भरून ठेवा, वास उडाला की मंग. हे झाड — हे खरं आहे जी, प्लास्टिकचं नाई — हे अलगद काढजा, मुळं लागली त्याले आता.

हीटर? हीटर लागते. आपल्याकडं उन्हाळ्यात माणूस भाजून निघते, पण या दिवसात सकाळची थंडी पाह्यली ना तुमी? हे गरम देशाचे मासे, पाणी गार झालं का आखडून बसतेत कोपऱ्यात. बिरजूभाऊनं हे सांगितलं तर प्रिया एकदम म्हणाली, माझ्यासारखे. खरंच तसं होतं. सिकलसेल होतं जी तिले, रक्ताचं दुखणं. तुमच्याकडं पण असतीन घरोघरी. थंडी लागली की हाडं दुखत, रात्रभर पाय दाबत बसायचो आमी, एक पाय मी, एक नूतन. पाणी पाज, पाणी पाज, हेच डॉक्टरचं सांगणं. आमी पत्रिका पाहत नाई, गुण जुळवत नाई, त्याचा मोठा अभिमान आमाले — पण संघपाल-नूतनचं रक्त पाहाले पाहिजे होतं लग्नाआधी, ते कोणी पाह्यलं नाई. जाऊ द्या. तर दवाखान्यात रक्ताची तपासणी करतेत ना, तिथं भिंतीत एक टँक होती. सुई टोचताना ती तिकडं पाहे, अन् रडणं बंद. तिथूनच हट्ट घेतला तिनं. संघपाल म्हणे घेऊन देऊ, नूतन म्हणे घरात एवढं आहे, त्यात आणखी हे कोण करीन? मी म्हटलं, मी करते.

चहा ठेवू का? घ्या ना अर्धा कप. — बरं, राहू द्या.

आता मुख्य सांगते, हे ध्यानात ठेवा. टँक भरली की लगेच मासे टाकता येत नाई. बिरजूभाऊ म्हणाला, बाई, मासे नाई पाळाचे, पाणी पाळाचं. माशाची घाण पाण्यातच पडते, तिचं जहर होते, अन् ते जहर खाऊन टाकणारे बारीक जीव असतेत, डोळ्याले दिसत नाई, ते पंपाच्या या काळ्या स्पंजात वस्ती करतेत. वस्ती बसाले महिना लागते. तोपर्यंत मासा टाकला तर जहरानं मरते. मंग मासे नसताना त्या जीवांनी खावं काय? तर रोज चिमूटभर मासोळीचं खाणं रिकाम्या पाण्यात टाकाचं. ते सडते, अन् त्याच्यावर ते जगतेत. आमी भाद्रपद पौर्णिमेले पाणी भरलं. मी म्हटलं, आश्विन पौर्णिमेले वर्षावास संपते, त्याच दिवशी मासे आणू. पौर्णिमा ते पौर्णिमा, महिना भरला. मले तर बरंच वाटलं, पाण्याचं पण व्रत अन् माझं पण व्रत. चिमूट टाकाचं काम प्रियाचं. सकाळी शाळेचा ड्रेस घालून पहिली इथं. कधी शाळेत जाता आलं नाई तर पलंगावरूनच हात लांबवून टाके, म्हणे, जेवा रे. तिथं कोणी नाई अन् ही म्हणते जेवा रे.

काळी मॉली पाहिजे होती तिले. दुकानात बाकी पोरं त्या निळ्या-लाल चमकणाऱ्या माशांपाशी, अन् ही काळ्या मॉलीपाशी. शाळेत कोणी काळी म्हटलं होतं तिले, तर ती म्हणे हिले पण म्हटलं असंन. नाव पण ठेवून आली — जांभूळ. घरी आली अन् लागली मागं. सांगते तुमाले, शब्द न् शब्द आठवते मले. म्हणे, "आजी, एकच टाक ना. एकटी जांभूळ. ती लहान आहे, घाण कमी करीन."

मी म्हटलं, "पौर्णिमेले, माय."

मंग म्हणे, "पौर्णिमा लवकर आणता येत नाई का?"

आता काय सांगावं लेकराले? मी समजावलं तिले, की आपलं पहिलंच शील काय — प्राणिहिंसेपासून अलिप्त राहीन. आपल्या घाईपाई जांभूळ मेली तर ती हिंसा आपल्याच हातानं झाली ना? तिले पटलं जी. लगेच पटे तिले सगळं, तेच वाईट होतं तिचं. त्यानंतर नाई मागितलं तिनं. नुस्ती पाहत राहे पाण्याकडं, अन् रोज विचारे, आता कितवा चंद्र? खिडकीतून चंद्र दाखवाची मी तिले, पाहा कसा भरत चालला. बिरजूभाऊ म्हणाला होता तसं — मॉली दणकट असते बाई, एखादी टाका, निभावून नेते कधी कधी. म्हणाला होता. मीच म्हटलं नाई, वर्षावासात नाई, शील मोडन माझं. अन् मेली असती तर? — मेली असती तर मेली असती, भाऊ.

हे मी काय बोलून राह्यली. पाणी घ्या, गळा सुकला असंन तुमचा धुळीनं.

पौर्णिमा तोंडावर आली होती. ताप भरला तिले, मंग छातीत दुखते म्हणे. नेलं आमी लगेच. डॉक्टरनं सगळं केलं जी, रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला, आपला कोणावर काही राग नाई. बाहेर व्हरांड्यात माझ्याजवळ एक बाई बसली होती, तिचा नवरा आत होता. ती महाकालीले नवस बोलून राह्यली होती, हात जोडून, मोठ्यानं — माय, याले घरी ने, मी तुले ओटी भरीन, पायी येईन. मी ऐकत बसली. आमच्यात नवस नाई. माझी आजी बोले, पण आमच्या घरानं ते सोडलं, अन् चांगल्यासाठी सोडलं, ते मले पटते, आजही पटते. पण त्या वेळेस मले वाटलं, हिले मागाले तरी कोणी आहे. मी कोणाले म्हणू? मी त्रिशरण म्हणत राह्यली, पंचशील म्हणत राह्यली, अन् पहिल्याच शीलाशी येऊन अडकू लागली. मनात येई, मी एक मासोळी मारू दिली नाई, तिच्या बदल्यात तरी — पण सौदा कोणासंग करू? समोर कोणी बसलेलंच नाई ना देणारं. नवस बोलली असती तर निदान कोणावर रुसता तरी आलं असतं.

नाई आली ती घरी. पौर्णिमेले आमी तिच्या पुण्यानुमोदनाची तयारी करत होतो. भंतेजी आले, परित्राण म्हटलं, समजावलं, सगळं अनित्य आहे. कळते मले. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठली, वंदना घेतली, अन् हात आपोआप त्या खाण्याच्या डबीकडं गेला. चिमूट टाकली पाण्यात. मागं नूतन उभी. तिनं पाह्यलं. म्हणे, "कोणाले जेवू घालून राह्यल्या, आई?"

ती त्याच दिवशी गेली चामोर्शीले. तिले वाटलं, सासूचं डोकं फिरलं. तिले कसं सांगू की त्या स्पंजात जीव आहेत, ते दिसत नाई, पण चिमूट नाई पडली तर ते उपाशी मरतेत. प्रियानं जगवलेले जीव ते, तिच्या हातचं खाल्लेले. मी कशी मरू देऊ? म्हणून चालू ठेवलं रोज. पण मी विचार केला — हे जीव मी जगवीन, अन् जित्या पोरीले, नूतनले, उंबऱ्याबाहेर ठेवीन, हे कोणतं शील? म्हणून संघपालले म्हटलं, टाक जाहिरात फोनवर. पण एकच अट घाल, की ज्याले पाहिजे त्यानं टँक पाण्यासकट न्यावी. त्यानं तुमाले पाण्याचं म्हटलं ना? हां. त्याच्यासाठीच.

तर ऐका. स्पंज धुऊ नका. घाण दिसते, तरी धुऊ नका. तो याच पाण्यात बुडवून न्या, या लहान कॅनमध्ये, मांडीवर धरून बसा टेम्पोत. घरी गेले का आधी हेच पाणी ओता, मंग स्पंज, मंग पंप लगेच चालू. अन् थांबू नका. तुमाले महिना थांबाची गरज नाई, थांबून झालं ते आमचं. जाता जाता बिरजूभाऊच्या दुकानातून होऊन जा. तुमच्या पोट्टीले जी पाहिजे ती घ्या, फोनवर दाखवा तिले, तिच्या पसंतीची घ्या. पिशवी आधी पाण्यावर तरंगू द्या थोडा वेळ, मंग सोडा. आजच सोडा भाऊ. उद्या सकाळी नाई, रविवारी नाई, तिचा वाढदिवस असंन तर त्याची वाट पाहू नका. आज. पाणी तयार आहे.

ही डबी पण घ्या. आजची चिमूट टाकाची राह्यली, मुद्दाम ठेवली. तुमची पोट्टी टाकीन.

काय नाव तिचं?

— चांगलं आहे.

बरं, उठा. हीटर आधी बंद करा, पाणी उतरलं अन् तो चालू राह्यला तर काच फुटते त्याची. तिथं मागं बोर्ड आहे, वरचं बटण हीटरचं, खालचं पंपाचं. नाई, मी नाई करत. तुमीच करा. मी तिकडं तोंड करून उभी राहते. थांबा — थांबा जरा. हं. करा आता.

झालं का?

घरात एवढं शांत असते होय.

न्या भाऊ. हळू न्या, उंबरा उंच आहे. अन् दार लावू नका जाताना, उघडंच राहू द्या, बस येईन आता.