पुलाच्या अलीकडे

नको, तो गुच्छ माझ्या हातात देऊ नका. तिच्याकडे द्या. आणि फोटोही राहू दे.

माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या धावपटू मंडळाचे सभासद आणि जमलेले सगळे स्नेहीजन, माझं चष्म्याचं दुकान आहे. बोलण्याची सवय गिऱ्हाइकाशी, तीही काउंटरपलीकडून. सांभाळून घ्या.

आज आपण माझ्या बायकोला लांब पल्ल्याच्या शर्यतींतून निरोप देतो आहोत. गुडघ्यामुळे ती थांबते आहे, असं सूत्रसंचालकांनी सांगितलं. मलाही तिनं तेच सांगितलं होतं. पण मघाशी तिच्या प्रशिक्षकबाई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "गुडघ्याला काय धाड भरलीय तिच्या? लांब पळायला रस्ता लागतो, भाऊजी. तो कुठाय?"

तो कुठे आहे, मला माहीत आहे. पुलाच्या पलीकडे.

मागे तिथं एक ट्रकवाला तिला काहीतरी घाणेरडं बोलून गेला. बोलला तो, पूल बंद झाला तिला. कोणी केला? मीच. तेव्हापासून पहाटे ती पुढे आणि मी स्कूटरवर मागे. मला झोप आवरत नाही. मग मी पुलाशीच गाडी लावून बसू लागलो आणि ती घर ते पूल, पूल ते घर अशा खेपा घालू लागली. दुकानाची वेळ झाली की मी हॉर्न वाजवायचो. सराव संपला.

"अहो, तुम्ही झोपा ना. मी येते जाऊन."

"आणि काही झालं तर? लोक मला विचारतील."

"मग लोकांनाच बसवा स्कूटरवर."

दोघंही हसायचो. हॉर्न मी वाजवतच राहिलो.

त्याच स्कूटरसाठी आज माझा सत्कार. पाठीशी उभा राहिलेला नवरा! उभा कुठला? बसलेला. तोही डुलक्या घेत. मंडळी, हसा, पण टाळ्या नकोत.

रीत सोडून इथूनच विचारतो. काय गं, खरंच दुखतो का गुडघा?

ती म्हणते आहे, "आधी तो माइक बंद करा."

म्हणजे नाही दुखत.

अध्यक्षबाई, निरोप द्यायचाच असेल तर त्या स्कूटरला द्या. मंडळानं बोलावलं, मानानं बसवलं, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर आपण पोटात घाला. घरातलं चारचौघांत आणलं, त्याची माफी द्यायची की नाही, हे मात्र तिचं तिनं ठरवावं.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे ती एकटी गेली, पुलाच्या पलीकडे. हॉर्न न वाजवताच मी दुकान उघडलं, तेव्हा ती परतली नव्हती.